हातात काय धरू, आक्का?

आक्का, काल लीला परत गेली. फाट्यावर एसटी उभी होती. तिची पेटी टपावर चढवून झाली होती आणि मी उगीच तिला शहाणपण शिकवत होते. आता मास्तरीण होणार तू, वर्गापुढं उभं राहावं लागेल. तर बोलताना हातात काहीतरी ठेवत जा, तुझ्या आईनं मला शिकवलेलं आहे, असं काहीतरी. एक पाय पायरीवर ठेवून ती वळली आणि म्हणाली, "काकू, आईनं तं मले कधीच हातात काही धरू देल्लं नाही. रिकाम्या हातानं बोल, म्हने. तुमाले म्हाईत नाही काय?"

मला माहीत नव्हतं. कंडक्टरनं घंटी मारली, धूळ उडाली, आणि लीला बुलढाण्याला गेली. मी फाट्यावर उभीच.

तेव्हापासून मी तुमच्याशी भांडते आहे. भाकरी थापताना, वावरात जाताना, गोठ्यात. ह्यांनी सकाळी विचारलं, "कोनासंग बोलून राह्यली?" मी म्हटलं, कोणाशी नाही. तुमची तेरवी होऊन चारच दिवस झाले. लोक म्हणतील, थोरली जाऊ गेली आणि धाकटीचं डोकं फिरलं. म्हणून हे लिहायला बसले. लिहायला बसले की माझी भाषा सातवीच्या वर्गात जाऊन बसते, त्याला तुम्ही नेहमी हसायच्या. हसा.

मला एवढंच कळत नाही, आक्का. मला एक सांगितलं आणि पोटच्या पोरीला दुसरंच. दोन्ही खरं कसं असेल?

नवं राज्य झालं, मग पंचायत समित्या आल्या, आणि समितीत बाईमाणूस पाहिजे असा नियम आला. आपल्या भागात शिकलेल्या सुना किती? माझी सातवी झालेली होती, तेवढ्यावर माझं नाव गेलं. मला कोणी विचारलं नाही. ह्यांना विचारलं, ह्यांनी थोरल्या भावाला, दादांना विचारलं, आणि दादा म्हणाले, "सही करून येईन, काय जाते?" सगळ्यांना वाटलं, सही करून येईल. मलाही तेच वाटलं. तुम्ही मात्र भाजी निवडता निवडता मान वर केली आणि म्हणाल्या, "सहीसाठी बाई कायले लागते? अंगठाही चालते."

तालुक्याच्या पहिल्या बैठकीत काय झालं ते तुम्ही पाहिलं नाही, पण मी सांगितलं तेव्हा पाहिल्यासारखं ऐकलं. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, दोन्ही बाजूंनी टोप्या आणि कोट. सभापती म्हणाले, "ताई, तुमच्या भागाचं काही असलं तर सांगा." मी उठले. पाणी, रस्ता, भाजीवरची कीड, सगळं पाठ करून गेले होते. आणि उभी राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मला दोन हात आहेत. इतक्या वर्षांत ते कामाशिवाय कधी नव्हतेच. सूप, विळा, कळशी, लेकरू, काहीतरी असायचंच त्यांच्यात. आता ते नुसते लोंबत होते, दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे. मी पदराचं टोक धरलं, सोडलं, पुन्हा धरलं, पिळलं. तोंडातून "नमस्कार" एवढंच निघालं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सभापती म्हणाले, "बसा, बसा," आणि पुढचा विषय घेतला.

घरी न जाता मी तशीच वावरात आले. तुम्ही वांगी तोडत होत्या. माझं तोंड पाहून म्हणाल्या, "काऊन वं? कोनं काही म्हटलं काय?"

"कोनं काही नाही म्हटलं. म्याच काही नाही म्हटलं. मी नाही जात आता तथी. मले बोलता येत नाही."

तुम्ही काही समजूत घातली नाही. टोपलीतून एक वांगं काढून माझ्या हातात दिलं. बारीक भोक पडलेलं होतं.

"हे बाजारात नेता येईन काय?"

"नाही."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? किडकं हाये." आणि मी सांगायला लागले. अळी आधी शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो, तेव्हाच तो खुडून जाळला पाहिजे, नाहीतर ती फळात जाते, मग बाहेरून वांगं कसं चांगलं दिसतं आणि आत काय असतं, पिंपळगावच्या बाजारात गिऱ्हाईक ते कसं दाबून पाहतं आणि एका वांग्यापायी सगळी टोपली कशी नाकारतं. मी वांगं फिरवत होते, भोक दाखवत होते. सरीच्या टोकाला दोन मजूर बाया खुरपी धरून ऐकत उभ्या राहिल्या होत्या.

"पाह्य," तुम्ही म्हणाल्या. "बोलली का नाही?"

"हे काय बोलनं झालं? हे तं वांग्याचं होतं."

"मंग तथी काय गीता सांगाची होती?"

तेव्हा तुम्ही तुमच्या वडिलांचं सांगितलं. तुमचं माहेर शेगावच्या पलीकडचं, वडील वावर सांभाळून कीर्तन करायचे. तुम्ही लहानपणी त्यांच्या मागं बसून झोप येईपर्यंत ऐकायच्या. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. पण उभं राहण्याआधी ते घामाघूम व्हायचे, पाणी मागायचे, उपरणं सारखं करायचे. चिपळ्या हातात आल्या की पहिल्या ठोक्याला माणूस बदलायचा. "तोंडाले भेव नाही वाटत, कमल," तुम्ही म्हणाल्या. "भेव हाताले वाटते. हाताले काम देल्लं का तोंड आपलं काम करते."

मग दुपारच्या सुट्टीत विहिरीजवळच्या लिंबाखाली तुम्ही मला उभं करायला लागल्या. कधी विळा हातात, कधी सांभाराची जुडी (पुस्तकात कोथिंबीर म्हणतात ती), कधी मोटेच्या दोराचा तुकडा. दुसऱ्या बैठकीला मी कागदावर लिहून नेणार होते. तुम्ही कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, वाच. मी वाचायला लागले. कागद थरथरत होता. "कागद नोको धरू. कागद हालते, अन् साऱ्या सभेले तुह्यं काळीज दिसते." वस्तू वजनाची पाहिजे, पण जड नको. ज्याचं बोलायचं तीच पाहिजे, भलतीच नको. तोंडाच्या वर न्यायची नाही. आणि सांगून झालं की ठेवून द्यायची, तिच्याशी खेळत बसायचं नाही. हे सगळं तुम्ही दाणे चघळत, लोळून सांगायच्या. मी हसायची. उभं राहून चुकायची आणि हसायची. आक्का, त्या लिंबाखाली आपण जेवढ्या हसलो तेवढ्या घरात कधी हसलो नाही.

पुढच्या बैठकीत फवारणीच्या पंपांचा विषय होता. पंप होते थोडे, आणि ते सगळे कपाशीवाल्यांकडे जात होते. मी पिशवीतून वांगं काढलं. टोप्यांमध्ये खसखस पिकली. मी वांगं दोन हातांनी मोडलं आणि आतली गुलाबी अळी हिरव्या कापडावर पडली. ती चालायला लागली. ज्याच्याकडे ती निघाली त्या साहेबांनी आपले कागद छातीशी धरले, शेजारच्यांनी खुर्ची मागं घेतली. मी म्हटलं, "साहेब, एका अळीले तुमी इतले भेता, आमच्या वावरात तं अशा लाखो हायेत." मग मी बोलले. काय बोलले ते सगळं आठवतं. भाजीवाल्यांसाठी पंप आला. घरी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "काय झालं त्या पोट्ट्याईले?"

तेव्हा मला काही शंका नव्हती. वस्तू धरली की बोलता येतं. तुम्ही सांगितलं, मी केलं, झालं. कोड्यात पडण्यासारखं त्यात काय होतं?

नारूचं वर्ष तर मी विसरूच शकत नाही. आपल्या गावची पायऱ्यांची विहीर. बाया घागर घेऊन पाण्यात उतरायच्या, घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून भरायच्या. त्याच पाण्यातून नारू पोटात जातो आणि वर्षानं पायातून दोऱ्यासारखा बाहेर येतो, हे दवाखान्याचे डॉक्टर सांगून गेले होते. पायऱ्या बुजवा, वरून रहाटानं पाणी काढा. गावात कोणी ऐकत नव्हतं. आणि त्या उन्हाळ्यात तुमच्याच पायाला नारू झाला. पाय सुजून खांबासारखा. एक म्हातारी रोज येऊन तो लिंबाच्या काडीवर थोडाथोडा गुंडाळायची. ओढताना तुटला की पाय सडतो, म्हणून बोटभर निघाला की थांबायची. तुम्ही दात आवळून वर आढ्याकडे बघायच्या. लीला तुमचं डोकं धरून बसायची.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर होती. मी तुम्हाला विचारलं, काय नेऊ? बाटलीत विहिरीचं पाणी नेऊ काय? तुम्ही उशाखालून ती काडी काढली. नारू पूर्ण निघाला होता, वाळून काडीला चिकटला होता.

"हे घेऊन जा."

"आक्का, हे नाही धरवत मले."

"माह्या पायात होतं तं मले धरवलं."

मी ती पदराखाली घेऊन गेले. पारावर माणसं, खाली बाया. विरोध माणसांचा असेल असं मला वाटलं होतं, पण बायाच उठल्या. पायऱ्यांनी पाणी सोपं पडतं. दोर ओढून खांदे कोणाचे जाणार? "तुह्या घरी गडी हायेत ओढाले," एक म्हणाली, "आमच्या घरी कोन हाये?" तिचं खोटं नव्हतं. मग मी काडी बाहेर काढली. एक म्हातारा बाबा म्हणाला, "ठेव पोरी खाली ते." मी ठेवली नाही. म्हटलं, "हे आमच्या थोरलीच्या पायातून निंघालं. उन्हाळाभर ती उठली नाही. अशी काडी ज्याच्या घरी नाही, त्यानं हात वर करा." कोणी हात वर केला नाही. जी खांद्याचं बोलली होती ती हळूच म्हणाली, "रहाट दोन बसवा मंग. एकानं नाही भागत." दोन रहाट बसले, पायऱ्या बुजल्या.

घरी आले तेव्हा तुम्ही विचारलं, "काडी कुठी हाये?" मी म्हटलं, चुलीत टाकली. तुम्ही मान हलवली, कूस बदलली आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा गाढ झोपल्या.

आता लीलाचं. ती खामगावला शाळेत होती तेव्हा वक्तृत्वाच्या स्पर्धेत तिचं नाव निघालं. विषय पाण्याचा होता. मला कोण आनंद! मी तांब्याचा छोटा गडवा चिंचेनं घासून लख्ख केला. तिला म्हटलं, बोलायला उभी राहशील तेव्हा हातात धर, मध्येच थोडं पाणी ओत, लोक बघतच राहतील. लीला हो म्हणाली. सकाळी ती गेली आणि गडवा फळीवरच. मी कळवळून तुम्हाला म्हटलं, "गडवा राह्यला ना वो घरीच!" तुम्ही चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणाल्या, "राहू दे." लीलाचा दुसरा नंबर आला. मला वाटलं, गडवा असता तर पहिला आला असता. ते मी बोलूनही दाखवलं, दोनतीनदा. तुम्ही दरवेळी "राहू दे" म्हणाल्या. मी समजले, पोरीच्या विसरभोळेपणावर पांघरूण घालताय.

ती विसरली नव्हती. तुम्हीच ठेवून जा म्हणाल्या होत्या. हे मला काल फाट्यावर कळलं.

का नाही सांगितलं मला? मी वाईट मानलं नसतं. नाही, मानलं असतं. थोडं मानलं असतं.

आणि आपलं शेवटचं भांडण ह्यानंतरचं आहे, म्हणून तर माझं डोकं चालत नाही. बुलढाण्याला जिल्ह्यातल्या बाई सभासदांचं संमेलन होतं. त्याच्या आधीच्या बैठकीत एका सभासदांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "ह्या ताई म्हणजे सोबत भाजीबाजार घेऊनच येतात." लोक हसले, मीही हसले. पण ते लागलं. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं, बुलढाण्याला मी काही नेणार नाही. तुम्ही तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"काऊन?"

"मले गरज नाही आता. मी काय लहान पोट्टी हावो?"

"पोट्टी असती तं सांगतलंच नसतं."

"म्हंजे?"

तुम्ही पुढची शेंग उचलली. मी आवाज चढवला. म्हटलं, तुम्हाला बरं वाटतं मी तुमचं ऐकून चालते म्हणून. तुम्ही शेंग फोडली, दाणे टोपलीत टाकले आणि म्हणाल्या, "रिकाम्या हातानं जाऊ नोको, कमल." एवढंच. ना राग, ना विनवणी.

मी गेले तशीच. घाट चढताना गाडीत सारखं भाषणच घोकत होते. बोलले. टाळ्या पडल्या. वाईट झालं नाही. फार चांगलं झालं असंही म्हणवत नाही. एकदा मध्येच माझा एक हात मंगळसूत्राला जाऊन अडकला होता आणि तो तिथं कधी गेला हे मला कळलंच नव्हतं. संध्याकाळी घरी आले. तुम्ही ओसरीत होत्या. मी मनात सगळं तयार करून आले होते, तुम्ही विचारलं की हे सांगीन, ते सांगीन. तुम्ही विचारलं, "जेवली काय?" मी म्हटलं, हाव. पाहुण्याला विचारावं तसं विचारलंत. मीही फणकाऱ्यानं आत गेले. दुसऱ्या दिवशी विचाराल, मग बाजाराच्या दिवशी विचाराल. मग मिरच्या तोडायला आल्या, घरात कामं पडली. मग तुम्हाला कावीळ झाली.

आक्का, तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं हो. आणि मी आपणहून सांगितलं असतं तर? तुम्ही काय म्हणाल्या असत्या?

शेवटच्या दिवसांत तुम्हाला शुद्ध नसायची तेव्हा तुमचे हात गोधडीवर सारखे हलायचे. काहीतरी वेचत असल्यासारखे. मला बघवेना. मी परसातून सांभाराची कोवळी जुडी आणून तुमच्या मुठीत दिली. वाटलं, वासानं बरं वाटेल. तुम्ही बोटं उघडली, जुडी खाली पडली. मी पुन्हा दिली. पुन्हा बोटं उघडली. ह्यांनी म्हटलं, ताकद नाही तिच्यात. लीला म्हणाली, नको काकू, राहू द्या. मी त्या वेळी काही विचार केला नाही. आता तेच डोळ्यांपुढं येतं. ताकद नव्हती, की नको होती?

कालपासून मी एकेक उत्तर काढते आणि एकेक मोडून टाकते. मला तुम्ही कच्ची समजलात आणि लीलाला पक्की, असं असेल? पण मग नारूची काडी मला कशी दिली? कच्च्या माणसाच्या हातात कोणी ते देतं का? की आधी तुम्हाला एक खरं वाटत होतं आणि पुढं दुसरं वाटू लागलं? तसंही नाही, कारण लीलाच्या स्पर्धेनंतरही मला "रिकाम्या हातानं जाऊ नोको" म्हणालातच. की लीला लहान, तिचे हात अजून कशाला बांधलेले नव्हते, आणि माझ्यासारखीचे हात जन्मभर कामाला जुंपलेले, म्हणून रिकामे झाले की भितात? "पोट्टी असती तं सांगतलंच नसतं," ते हेच होतं का? हे उत्तर मला बरं वाटतं. पण बरं वाटतं म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसत नाही.

एक वाईट उत्तरही आहे. ते लिहू नये असं वाटत होतं. की तुम्हाला मी तुमच्या हाताखाली हवी होते. पोरीला मोकळं केलं आणि जावेला धरून ठेवलं. हा विचार आला तेव्हा मी विहिरीवर होते, रहाटाचा दोर सुटून घागर आत गेली. मग मला आठवलं, माझा दुसऱ्या वेळचा सहावा महिना होता आणि तालुक्याला बैठक होती, तेव्हा तुम्ही बैलगाडीत माझ्या पाठीशी उशी धरून गेल्या आणि तशाच आल्या. कोणी हाताखालच्या माणसासाठी असं करतं का? कोणी करतही असेल. मला खरंच कळत नाही, आक्का.

तुम्ही स्वतः कधी बोलल्या नाहीत. कीर्तनकाराची लेक, आवाज खणखणीत, आणि गावात कधी चार माणसांपुढं उभ्या नाही राहिल्या. मी एकदा म्हटलं होतं, तुम्हीच बोला ना, तुम्हाला सगळं येतं. तुम्ही म्हणाल्या, "मले कोन उभं करते?" मी हसले. तुम्ही गंमत करताय असं समजून हसले. आता आठवलं की वाटतं, ती गंमत नसेल तर?

तेरवीचं सांगायचं राहिलं. मुद्दामच मागं ठेवलं होतं.

अंगणात मांडव होता. पंगती उठल्या, पान झालं, आणि सरपंच म्हणाले, "कमलताई, थोरल्या बाईंविषयी चार शब्द तुम्हीच बोला." मी "आलेच" म्हणून तुमच्या खोलीत धावले. काय घेऊ? खुंटीला तुमचं जुनेर होतं, ते हातात घेतलं आणि ठेवलं. कोनाड्यात फणी होती, तिच्यात तुमचे केस होते, ती तर हातात धरवलीच नाही. तुमची चुंबळ, तुमचा विळा, ते पितळी पानदान. एकेक उचलत होते आणि ठेवत होते. ज्याचं बोलायचं तीच वस्तू पाहिजे, तुमचाच नियम. तुमचं बोलायचं तर वस्तू कोणती? बाहेरून हाका यायला लागल्या. ह्यांनी दारात येऊन म्हटलं, "चाल ना वं, लोक थांबून हायेत." मी बाहेर गेले.

आणि मी बोलले. वांग्याचं बोलले, लिंबाखालचं बोलले, दोन रहाटांचं बोलले. नारूच्या सभेत खांद्यांवरून भांडलेली ती बाई ढसाढसा रडली. दादा, जे कोणाच्या मर्तिकाला रडले नाहीत, ते उठून गोठ्याकडे गेले. शब्द न् शब्द मला आठवतो. फक्त एक आठवत नाही.

सभा गावात असो की तालुक्याला, जमेल तेव्हा तुम्ही यायच्या आणि सगळ्यांच्या मागं, भिंतीशी बसायच्या. घरी जाताना मी कशी बोलले हे तुम्ही एकदाही सांगितलं नाही. तुम्ही सांगायच्या ते एवढंच: "आज डावा हात पदरात गेल्ता." "आज बरे होते दोनी." "आज मुठी काऊन आवळल्या?" सगळी सभा माझं तोंड बघायची. हात तुम्ही एकट्या बघायच्या.

मी ह्यांना विचारलं, तेरवीला माझ्या हातात काय होतं? हे म्हणाले, "मी आयकून राह्यलो होतो, कोन पाह्यते हाताकडे?" दादांना विचारायची सोय नाही. लीला खाली मान घालून रडत होती. शेजारणीला विचारलं, ती म्हणाली, लय मस्त बोललीस माय, आणि जवळ घेतलं. खोलीतून येताना मी काही उचलून आणलं होतं का, की रिकामीच आले? पदर पिळत होते, की हात जोडले होते, की सोडून दिले होते नुसते? कोणालाच सांगता येत नाही.

तुम्ही भिंतीशी असत्या तर पाहिलं असतं. सांगा ना, आक्का. माझे हात कुठी होते?